चेंडू नसलेल्याला पळवा: वी कन्सोलवरचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर २००८' खेळायला कसा शिकायचा

फुटबॉलचा व्हिडिओ गेम म्हटलं की डाव्या अंगठ्याखाली एक छोटी दांडी, उजव्या अंगठ्याखाली चार बटणं आणि पडद्यावर पळणारा एक खेळाडू, एवढंच डोळ्यांसमोर येतं. चेंडू ज्याच्या पायाशी, तो आपण. बाकीचे दहा जण आपापल्या अकलेनं फिरतात आणि आपण सोफ्यावरून त्यांना शिव्या घालतो.

२००८ साली कोनामी कंपनीनं निन्टेन्डोच्या वी कन्सोलसाठी 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' काढला, तेव्हा ही मांडणीच मोडली. हातातला रिमोट टीव्हीकडे रोखायचा, मैदानावरची जागा दाखवायची आणि आपल्या संघातल्या पाहिजे त्या गड्याला तिकडं पिटाळायचं. जपानात फेब्रुवारीत हा गेम 'विनिंग इलेव्हन प्लेमेकर २००८' या नावानं आला आणि मार्चमध्ये युरोप-अमेरिकेत पोचला. मला विचाराल तर जपानी नावच खरं. प्लेमेकर म्हणजे डाव रचणारा, आणि या गेममध्ये आपण तेवढंच करतो.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. गॅलरीतला माणूस चेंडूवाल्याला सल्ला देतो तो थोडाच. त्याचा खरा घसा बसतो तो चेंडू नसलेल्यावर ओरडून: "आरं पुढं पळ की! मोकळं हाय बघ तिथं!" हा गेम म्हणजे त्या गॅलरीतल्या माणसाच्या हातात दिलेला रिमोट.

अडचण अशी की पहिला अर्धा तास गेम बिघडल्यासारखा वाटतो. पॉइंटर (रिमोट रोखला की पडद्यावर फिरणारी खूण) थरथरतो, खेळाडू भलतीकडे जातात, पास प्रतिस्पर्ध्याच्या पायात. बरेच जण इथंच सोडून देतात. तो अर्धा तास सुसह्य व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

सामान जमवताना

वी आता नवा मिळत नाही, त्यामुळे जुन्या बाजारातून घ्यावा लागेल किंवा नात्यातल्या कुणाच्या तरी माळ्यावरून उतरवावा लागेल. मराठी घरांत हे कन्सोल बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मावशी-काकांच्या बॅगेतून आलेलं असतं, आणि तिथंच दोन खड्डे आहेत.

पहिला विजेचा. अमेरिकेत विकलेल्या वीचा अडॅप्टर १२० व्होल्टसाठीचा असतो आणि आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट. सरळ लावलात तर फट् असा आवाज येईल, करपल्याचा वास येईल आणि विषय संपेल. माझा पहिला अडॅप्टर मी असाच घालवला, वर तीन दिवस केबलला दोष दिला. युरोपातल्या वीचा अडॅप्टर २३० व्होल्टचा असतो, तो आपल्याकडे चालतो. अमेरिकन असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर देणारा वीचा दुसरा अडॅप्टर शोधा. अडॅप्टरच्या पाठीवरचा मजकूर वाचायला अर्धं मिनिट लागतं. ते आधी करा.

दुसरा खड्डा प्रदेशाचा. वीला प्रदेशाचं कुलूप आहे. अमेरिकन कन्सोलवर अमेरिकेतलीच डिस्क चालते, युरोपच्या कन्सोलवर युरोपातली, जपानच्यावर जपानातली. डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून आधी घेऊ नका. कन्सोल कुठला ते बघा, मग डिस्क.

वी यू नावाचं पुढचं कन्सोल असेल तर त्यातही वीच्या डिस्क चालतात (प्रदेशाचा नियम तोच), शिवाय त्याला एचडीएमआय असल्यानं नव्या टीव्हीला जोडणं सोपं जातं. मूळ वीला एचडीएमआय नाही. तुमच्या टीव्हीला मागं पिवळी-लाल-पांढरी भोकं नसतील तर छोटा कन्व्हर्टर लागेल.

यापलीकडे लागतो तो वी रिमोट, त्याला वायरनं जोडायचा नन्चक (दुसऱ्या हातात धरायचा, दांडी असलेला छोटा कंट्रोलर) आणि टीव्हीपाशी ठेवायची पट्टी, म्हणजे सेन्सर बार. नन्चकशिवाय हा गेम खेळायचा विचारही करू नका. दुकानदार मोशनप्लस नावाचा जोड गळ्यात मारू बघेल. तो २००९ मध्ये, म्हणजे या गेमनंतर आला, इथं त्याचा उपयोग नाही. रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल घ्या, कारण एकदा हात बसला की रात्री साडेअकराला सेल संपतात आणि दुकानं तेव्हा बंद असतात.

पट्टी, उजेड आणि दोन पणत्या

सेन्सर बार हे नाव फसवं आहे. त्या पट्टीत सेन्सर नसतोच. तिच्या दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारे छोटे दिवे असतात, एवढंच. बघायचं काम रिमोट करतो. त्याच्या नाकाशी एक छोटा कॅमेरा असतो, त्याला दोन ठिपके दिसतात, आणि ते कुठं सरकले यावरून पडद्यावरचा पॉइंटर कुठं असावा हे ठरतं. म्हणूनच पट्टी तुटली तर टीव्हीपुढं हातभर अंतरानं दोन मेणबत्त्या लावूनही वी चालतो. मी दिवाळीत दोन पणत्या ठेवून करून बघितलं. चालतं, पण वात हलली की पॉइंटरही हलतो. शिवाय पडद्याशेजारी ज्योत ठेवणं शहाणपणाचं नाही. एकदा गंमत म्हणून ठीक.

हे यंत्र कसं चालतं ते कळलं की बऱ्याच तक्रारींची उत्तरं आपोआप मिळतात. कॅमेऱ्याला दोन ठिपके स्वच्छ दिसले पाहिजेत. टीव्हीच्या मागं खिडकी असेल आणि दुपारचं ऊन येत असेल तर पॉइंटर वेड्यासारखा उड्या मारेल, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतो. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब समोर असेल तरी तेच. पट्टीपुढं फोटोफ्रेम, फुलदाणी, रिमोटांचा डबा काही नको. आणि पडद्यापासून साधारण ३ ते ८ फुटांच्या आत बसा. आपल्या हॉलमध्ये सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असतो, मधलं अंतर बऱ्याचदा दहा-बारा फूट भरतं. मग खुर्ची पुढं ओढा. खाली गादी टाकून बसलात तर पट्टी टीव्हीच्या खाली ठेवा. वीच्या सेटिंगमध्ये सेन्सर बारच्या विभागात पट्टी वर आहे की खाली हे सांगायला विसरू नका. संवेदनशीलतेच्या पाच पायऱ्याही तिथंच आहेत. मधल्या पायरीपासून सुरुवात करा.

गेम सुरू करण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. वीच्या मुख्य पडद्यावर एखाद्या चौकोनावर पॉइंटर ठेवा आणि मनात दहा अंक मोजा. हात तेवढा वेळ स्थिर राहिला तर पुढं जा. नाही राहिला तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

हात कसा धरायचा

नवखा माणूस रिमोट बंदुकीसारखा हात लांब करून धरतो. पाच मिनिटांत खांदा भरून येतो आणि पॉइंटर लुडबुडायला लागतो. कोपर मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा आणि हालचाल फक्त मनगटाची ठेवा. कॅरम खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. स्ट्रायकर मारताना सगळा हात फेकणारा माणूस कधी जिंकत नाही.

उजव्या हातात रिमोट, अंगठा 'ए' बटणावर, पहिलं बोट खालच्या 'बी' बटणावर. डाव्या हातात नन्चक, तोही मांडीवर सैल. डावखुरे असाल तर अदलाबदल करा, काही बिघडत नाही. रिमोटची दोरी मनगटात अडकवाच. शॉटसाठी झटका नन्चकला द्यायचा असतो, पण उत्साहाच्या भरात दोन्ही हात उडतात, आणि मग टीव्हीच्या काचेचं काय होतं ते सांगायला नको.

पहिली पंधरा मिनिटं: फक्त 'ए'

गोल करायचा नाही, पासही द्यायचा नाही. एवढं पथ्य पाळा.

चेंडू तुमच्याकडे असताना पॉइंटर मैदानावर कुठंतरी ठेवून 'ए' दाबून धरा. चेंडूवाला तिकडं पळायला लागेल. पॉइंटर सरकवाल तसा तो वळेल. गाढवापुढं गाजर धरल्यासारखं. सुरुवातीला सगळे पॉइंटर त्याच्या अगदी पायाशी ठेवतात, मग तो अडखळत चालतो आणि वळणं वाकडी होतात. पॉइंटर त्याच्या चांगला पुढं ठेवा, जिथं पोचायचं तिथं. नजरही तिथंच ठेवा. सायकल शिकताना 'चाकाकडं बघू नको, रस्त्याकडं बघ' असं जे आपल्याला सांगितलं होतं, ते इथं शब्दशः लागू आहे.

नन्चकवरच्या दांडीनंही खेळाडू हलवता येतो, आणि जुनी सवय असल्यानं हात तिकडं जाईल. अरुंद जागेत, एखाद्याला चकवून अर्धं पाऊल बाजूला व्हायचं असेल तेव्हा ती उपयोगी पडते. पण पहिल्या दिवशी डावा अंगठा बाजूला ठेवा. नाहीतर तुम्ही नव्या गेमवर जुनाच गेम खेळत बसाल.

'बी' म्हणजे पास, आणि रिकामी जागाही चालते

आपल्या सोबत्यावर पॉइंटर ठेवून 'बी' दाबला की पास त्याच्याकडे. हे सोपं. मजा पुढं आहे: पॉइंटर माणसावर न ठेवता मोकळ्या गवतावर ठेवून 'बी' दाबला तर चेंडू तिथं जातो. बटणांच्या गेममध्ये थ्रू पास (डिफेंडरांच्या मधून पुढच्या मोकळ्या जागेत सोडलेला पास) दिला की तो कुणाकडे जाणार हे गेम ठरवतो, आपण फक्त प्रार्थना करतो. इथं डिफेंडर आणि गोली यांच्यामधल्या चार हात जागेवर बोट ठेवता येतं.

सरावासाठी आधी लहान पास द्या. तीन खेळाडूंत त्रिकोण करा आणि फिरवत राहा. अंतर दिसायला दहा हात, मनगटाला मात्र दोन बोटं. दहा पास न चुकता झाले की मग लांबच्याकडे बघा. चुकायचं एकच मोठं कारण असतं: 'बी' दाबताना रिमोट किंचित खाली झुकतो. पहिल्या बोटानं ओढल्यासारखं दाबलं की रिमोटचं टोक खाली जातं. हलकं दाबा.

उंच पास वगैरे प्रकार बटणांच्या जोडीनं होतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या नादी लागू नका.

शॉट

नन्चकला झटका दिला की शॉट, बास. यावर फार लिहिण्यासारखं नाही. नन्चकमध्ये स्वतंत्र गतिमापक आहे, त्याला छोटा, स्पष्ट झटका पुरतो. हात डोक्यावरून फिरवून कुणाला काही मिळालेलं मी पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर हा या गेमचा सर्वांत कच्चा भाग आहे. पास देताना जो ताबा मिळतो, तो शॉट मारताना मिळत नाही. म्हणून लांबून नशीब आजमावत बसू नका. बॉक्सच्या (गोलपुढच्या आखलेल्या चौकटीच्या) आत, गोलसमोर, आजूबाजूला कुणी नाही अशा जागी चेंडू नेऊन मग झटका द्या. ती जागा तयार कशी करायची, हा या गेमचा गाभा.

याआधीच्या वर्षी वीसाठीच 'फिफा ०८' आला होता. त्यात रिमोट हलवून चेंडू मारायचा, म्हणजे हाताच्या हालचालीनं पायाची नक्कल. लोकांना हालचालींचा गेम म्हणजे तेवढंच वाटतं. कोनामीच्या लोकांनी नक्कल सोडून दिली आणि रिमोटचं टोक कुठं रोखलंय यावर सगळा डाव उभा केला. घाम कमी, डोकं जास्त. मला कोनामीचाच रस्ता बरोबर वाटतो, पण घरी पाहुण्यांची लहान मुलं आली की 'फिफा'लाच मागणी असते हेही खरं.

आता खरा खेळ: चेंडू नसलेला गडी

आपल्या कुठल्याही सोबत्यावर, ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्यावर, पॉइंटर ठेवा. 'ए' दाबून धरा, पॉइंटर मैदानावर ओढत न्या आणि सोडा. पतंगाला ढील देऊन दिशा दाखवावी तसं. तो खेळाडू त्या वाटेनं पळायला लागतो. आता तुम्ही मोकळे. तो पळत असताना चेंडूवाल्याला हलवा, किंवा तिसऱ्याला पळवा.

नवख्याची पहिली चूक अशी की ज्याला पळवलं त्यालाच लगेच पास. प्रतिस्पर्धी डिफेंडर काही आंधळा नाही, तोही त्याच्यासोबत पळतो. पण तो पळाला म्हणजेच त्यानं आपली जागा सोडली. तुम्हाला तीच हवी होती.

एक साधा डाव सांगतो. सुरुवातीला मी रोज हा एकच करायचो.

संघाची रचना ४-४-२ ठेवा, म्हणजे मागं चार बॅक, मध्ये चार मिडफिल्डर, पुढं दोन फॉरवर्ड. चेंडू मधल्या मिडफिल्डरकडे आणा, मध्यरेषेच्या थोडा पुढं. उजवीकडच्या फॉरवर्डला उचला आणि कोपऱ्याच्या झेंड्याकडे तिरका ओढा. त्याच्यामागं त्यांचा एक सेंटर बॅक (मधला डिफेंडर) निदान चार-पाच पावलं ओढला जाईल. मध्ये खिंडार पडेल. आता दुसऱ्या फॉरवर्डला त्या खिंडाराकडे ओढा, आणि सोडल्याक्षणी पॉइंटर खिंडाराच्या पुढच्या रिकाम्या गवतावर नेऊन 'बी'. दुसरा फॉरवर्ड आणि चेंडू एकाच वेळी तिथं पोचतील. समोर फक्त गोली. नन्चकला झटका.

वाचायला वीस सेकंद लागले, करायला तीन मिळतात. पहिल्या दिवशी हे दहातून एकदा जमेल. बिघडण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. एक म्हणजे ऑफसाइड. दुसऱ्या फॉरवर्डला लवकर पळवलंत तर पास सुटायच्या आत तो शेवटच्या डिफेंडरच्या पलीकडे गेलेला असतो आणि झेंडा वर. आधी पळवून मग पास, हा क्रम बरोबर आहे, पण मधलं अंतर एका श्वासाचं. दुसरं ठिकाण तुमचा चेंडूवाला. तुम्ही बाकीच्यांची व्यवस्था लावत असता तेव्हा त्याच्याकडे तुमचं लक्ष नसतं, आणि समोरचा येऊन चेंडू काढून नेतो. म्हणून चेंडूवाला मोकळ्या जागेत असतानाच हे उद्योग करा. कुणी अंगावर येत असेल तर आधी मागं पास देऊन चेंडू सुरक्षित करा, मग रचना.

बॅकला पळवण्यात वेगळीच मजा आहे. चेंडू डाव्या विंगरकडे (कडेनं खेळणाऱ्या मिडफिल्डरकडे) असेल तर डाव्या बॅकला त्याच्या बाहेरून, रेषेला घासून पुढं ओढा. समोरच्याला दोघांपैकी एकाला सोडावंच लागतं. फक्त तो बॅक पुढं गेला म्हणजे मागं तुमचं दार उघडं आहे हे विसरू नका. मी विसरलो आणि एकाच मॅचमध्ये तीन गोल खाल्ले, तिन्ही त्याच बाजूनं.

काही दिवसांनी एक गोष्ट लक्षात येईल: तुम्ही चेंडूकडे बघणं कमी केलंय. डोळा सगळ्या मैदानावर फिरतो, कोण मोकळा, कोण दमलाय, कुठं दोघं एकाच जागी गर्दी करतायत. टीव्हीवर खरी मॅच बघतानाही मग हेच दिसायला लागतं. घरचे मात्र वैतागतात, कारण सगळे चेंडू बघत असताना तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असता.

बचाव

चेंडू त्यांच्याकडे असताना त्यांच्या खेळाडूवर पॉइंटर ठेवून 'ए' दाबा, तुमचा गडी त्याच्यावर जाईल. इथं सगळ्यांचा मोह एकच: चेंडूवाल्यावर जेवढे धाडता येतील तेवढे धाडायचे. गल्लीतल्या फुटबॉलसारखा चेंडूभोवती घोळका, आणि बाकी मैदान रिकामं.

एकालाच धाडा. दुसऱ्या कुणाला हलवायचंच असेल तर चेंडू जिथं जाईल असं वाटतं तिथं, पास घेणाऱ्याच्या अंगाशी. तुम्ही हल्ल्यात जे शिकलात तेच उलटं करायचं: ते कुणाला पळवतायत आणि कुठली जागा मोकळी होतेय ते बघायचं. आपल्या बॉक्सपाशी चेंडू मिळाला तर कलाकुसर नको. आधी तो लांब काढा.

कुठल्या संघानं, कुठल्या प्रकारात

पहिले काही दिवस मोठा देशाचा संघ घ्या आणि समोर दुबळा, अडचणीची पातळी सर्वांत खालची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. क्लब निवडताना नवख्यांचा गोंधळ होतो, कारण या मालिकेकडे इंग्लंडच्या बऱ्याच क्लबांच्या नावांचे हक्क नव्हते. लिव्हरपूल शोधायला जाल तर 'मर्सीसाइड रेड' असं काहीतरी सापडेल. खेळाडू बहुतेक ओळखीचे असतात, पाटी तेवढी वेगळी.

हात बसला की 'चॅम्पियन्स रोड' सुरू करा. साध्यासुध्या खेळाडूंचा संघ घेऊन युरोपभर स्पर्धा खेळत फिरायचं, आणि हरवलेल्या संघांतले खेळाडू आपल्या ताफ्यात सामील करत जायचं. लढाई जिंकून सरदार फोडण्यासारखा प्रकार. सुरुवातीचे तुमचे फॉरवर्ड इतके सावकाश असतात की नुसत्या वेगावर गोल होतच नाहीत, जागा तयार करावीच लागते. शिकायला यापेक्षा चांगली सक्ती नाही.

ऑनलाइन खेळायचा विचार सोडा. निन्टेन्डोनं वीची ती सेवा २० मे २०१४ रोजी बंद केली. जे काही खेळायचं ते घरात.

२००८ नंतर वीवर दरवर्षी नवी आवृत्ती येत गेली, शेवटची २०१३ची. पॉइंटरची मूळ कल्पना टिकली. कुठली घ्यावी असं विचाराल तर जी तुमच्या कन्सोलच्या प्रदेशाची आणि स्वस्तात मिळेल ती.

आणि वी मिळतच नसेल, पण घरात निन्टेन्डोचंच स्विच हे कन्सोल असेल तर? २९ एप्रिल २०२२ ला आलेला 'निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स' बघा. त्यातल्या सॉकरमध्ये जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) झटकून चेंडू मारायचा. खोक्यातल्या आवृत्तीसोबत मांडीला बांधायचा पट्टाही येतो, त्यात जॉय-कॉन खोचून खरोखर लाथ मारायची. सुरुवातीला हा पट्टा फक्त शूटआउटमध्ये चालायचा, त्याच वर्षी जुलैतल्या अपडेटनंतर मॅचमध्येही चालू लागला. मजेदार आहे, पण हा वेगळा खेळ. इथं तुम्ही पुन्हा एकच खेळाडू. लाथ मारण्याआधी समोरचा टीपॉय हलवा, आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करून दुपारची वेळ टाळा.

दोघांत खेळताना

दुसरा रिमोट आणि दुसरा नन्चक मिळाला की संगणकाविरुद्ध खेळणं बेचव वाटायला लागतं. दोघांनी खुर्च्या अशा लावा की कुणाचा खांदा दुसऱ्याच्या रिमोटच्या आणि पट्टीच्या मध्ये येणार नाही. नवख्याला डावीकडून उजवीकडे हल्ला करायची बाजू द्या, बहुतेकांना ती सोपी जाते.

एक गोष्ट आधी लक्षात येत नाही: पडदा एकच, त्यामुळे तुमचा पॉइंटर समोरच्यालाही दिसतो. तुम्ही कुठं बघताय हे त्याला कळतं. माझा अकरा वर्षांचा भाचा पहिले दोन दिवस गप्प बसून हरत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं पॉइंटर निवांत डाव्या विंगरवर नेऊन ठेवला. मी माझा बॅक तिकडं हलवला. मग त्यानं मनगट एवढंसं वळवून उजवीकडच्या रिकाम्या गवतावर 'बी' दाबला, आणि चेंडू आत जाण्याआधीच म्हणाला, "मामा, तू माझ्या पॉइंटरकडं बघतोस ना, ते मला कालच कळलं होतं."